प्रश्नकाळ आणि मस्कतचा पगार

आज सुट्टी, तर सकाळी पोहे-जिलेबी आणून आईसोबत लोकसभेच्या प्रश्नकाळाचं जुनं रेकॉर्डिंग बघत बसलो, सुषमा स्वराज परराष्ट्र मंत्री असतानाचं. आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर आपल्या ताई, सुमित्रा महाजन! 1989 पासून सलग 8 वेळा आपल्या इंदूरनी निवडून दिलेल्या. सुषमाजी पण आपल्याच मध्य प्रदेशातल्या विदिशाच्या खासदार, आईला त्याचाच केवढा आनंद.

विषय आखातात अडकलेल्या कामगारांचा होता. मला हा 11 ते 12 चा तास फार मोलाचा वाटतो, कारण तारांकित प्रश्न असला की मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावंच लागतं आणि वरून पूरक प्रश्न येतात, ते आधी माहीत नसतात, तिथे खरी तयारी कळते. दिवसाला 20 तारांकित प्रश्न लागतात पण गोंधळात कितीतरी राहूनच जातात, वाईट वाटतं हो. 2020 च्या पावसाळी अधिवेशनात तर प्रश्नकाळच नव्हता, तेव्हा मी खरंच चिडलो होतो.

बघता बघता आई म्हणाली, अरे शेजारच्या काकूंच्या मुलाचा मस्कतला 3 महिन्यांचा पगार अडकलाय ना? परराष्ट्र धोरण म्हणजे मोठमोठे करार असं आपण समजतो आणि इथे भिंतीपलीकडे काकू रात्र रात्र जागतायत! परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल 2015 पासून आहे, ते आठवलं. दुपारी काकूंकडे जाऊन, मुलाला व्हॉट्सॲपवर घेऊन तक्रार टाकली. नंबर आलाय, काकूंनी तो देवघरात लिहून ठेवलाय.