तळ्याकाठचं चालणं आणि एका कार्डाची वाट

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघं लेकीकडे बर्लिनला गेलो, दोन महिन्यांसाठी. त्याआधी वर्षभरापूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं: रोज चार-पाच किलोमीटर चाललंच पाहिजे, पण सपाटीवर, चढ नको. सांगलीत आमराईत आमच्या फेऱ्या ठरलेल्या. परदेशात दोन महिने हे कसं जमायचं, याचा घोर मला निघण्याआधीपासून लागला होता.

तो घोर पहिल्याच रविवारी मिटला. लेक राहते स्टेग्लित्झला. तिथून एस-१ ही लोकल धरली की सहाव्या स्टेशनावर श्लाख्तनझे. ‘झे’ म्हणजे तळं. स्टेशनातून बाहेर पडून थोडं उतरलं की समोर पाणीच. तळ्याला पूर्ण वळसा घालणारी मातीची रुंद वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाइन, ओक, बीच, बर्च. फेरी साधारण साडेपाच किलोमीटरची, आणि दम लागावा असा चढ कुठे नाही. दर थोड्या अंतरावर बाक. हे मध्येच थांबून नाडी बघायचे, मी पाण्यात पोहणारी माणसं बघायची. सत्तरी ओलांडलेल्या बायका गार पाण्यात निवांत उतरत होत्या. परतताना ह्यांचा चेहरा पाहिला आणि ठरवून टाकलं, आता रोज इथेच.

ठरवलं खरं, पण ते ‘रोज’ व्हायला अठरा सप्टेंबर उजाडला. मधले दिवस ज्यात गेले ते सविस्तर सांगते, कारण आई-बाबांना बोलावणाऱ्या प्रत्येक लेकीच्या आणि मुलाच्या वाट्याला हे येऊ शकतं.

जर्मनीत मे २०२३ पासून एक मासिक पास आहे, डॉइचलांडटिकेट. सुरुवातीला ४९ युरोंना होता, आम्ही गेलो तेव्हा ५८, या जानेवारीपासून ६३. देशभरातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि साध्या प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाही. पाहुण्यांनाही घेता येतो. तो नसेल तर बर्लिनमध्ये एका माणसाचं एका बाजूचं तिकीट तेव्हा ३.८० युरो होतं, दोन तास चालायचं, आणि त्यावर उलट येता येत नाही. म्हणजे आम्हा दोघांचं जाऊन-येऊन १५.२० युरो. नुसतं चालायला जायला! मनात रुपयांत हिशेब केला की पाऊल घराबाहेर पडेना.

पास मोबाइलवर घेतला तर लगेच मिळतो. पण आमचे फोन भारतातले. त्यांवर ते ॲप दिसेचना. लेकीच्या फोनवर घ्यावा, तर पास ज्याच्या नावाचा त्याच्याजवळच हवा, आणि लेक दिवसभर ऑफिसात. म्हणून २९ ऑगस्टला तिने एका कंपनीकडून आमच्यासाठी प्लॅस्टिकची कार्डं मागवली. पैसे तिच्या खात्यातून तेव्हाच गेले, दोघांचे ११६ युरो. कार्डं पोस्टाने येणार होती.

एक तारीख गेली, तीन गेली, पाच गेली. मी रोज दोनदा खाली जाऊन पत्रपेटी उघडायची. त्यात जाहिराती, विजेचं बिल, बाकी काही नाही. लेकीने ईमेल पाठवली. उत्तर आलं की कार्डं रवाना झाली आहेत, आपल्या संयमाबद्दल आभार. फोन केला तर पस्तीस मिनिटं संगीत, मग लाइन कट. शेवटी जावईबापू रजा टाकून मला घेऊन त्या कंपनीच्या शहरातल्या काउंटरवर गेले. तासभर रांगेत उभे राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवलीसुद्धा नाही. ‘मागणी ऑनलाइन केली आहे, इथून काही करता येणार नाही,’ एवढंच. मी शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली, दाखल्यासाठी आलेल्या पालकाला मी असं कधी परत पाठवलेलं नाही. तो दिवस मला फार लागला.

तेवढ्या दिवसांत सुटी तिकिटं काढून आम्ही पाचदा गेलो. ७६ युरो. पैसे भरलेला पास असताना वर हे ७६! बाकीच्या दिवशी हे इमारतींच्या मधल्या फुटपाथवर फेऱ्या मारायचे, सिग्नलला थांबत, सायकलवाल्यांना चुकवत. त्यात चालण्याची लय येत नाही.

नऊ तारखेला दुसरी ईमेल आली आणि उलगडा झाला. कार्डं पोस्टाने परत पाठवली होती. कारण, आमचं आडनाव पत्रपेटीवर नव्हतं.

तिकडे घरांना फ्लॅट नंबर बहुतेक नसतातच. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, आणि पोस्टमन बेलवरचं व पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. लेकीच्या पेटीवर जावईबापूंचं आडनाव, आमच्या पत्रावर आमचं. पोस्टमनच्या दृष्टीने त्या इमारतीत आम्ही राहतच नव्हतो. मुलाकडे गेलेल्या आई-वडिलांना हे कळणारही नाही, आडनाव एकच असतं. लेकीकडे जाणाऱ्यांनी मात्र हे कायमचं लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी आपल्या आडनावाची कागदी पट्टी पेटीवर चिकटवा, लॅटिन लिपीत, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. आणि फॉर्मवर पत्त्याच्या जादा ओळीत ‘केअर ऑफ’ लिहून ज्यांच्या घरी उतरलात त्यांचं पेटीवरचं आडनाव टाका. दोन्ही करा, एकावर विसंबू नका.

चूक आमची, असं कंपनीचं म्हणणं होतं. गेलेल्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत. मला हे अजून पटत नाही. नवख्या माणसाला फॉर्मवर एक ओळ सांगायला काय हरकत होती? आणि परत आलेलं टपाल हातात पडल्यावर कळवायला इतके दिवस का? कार्डं पुन्हा निघाली आणि १८ तारखेला पेटीत आली. मी जिन्यातूनच ह्यांना हाक मारली. अर्ध्या तासात आम्ही एस-१ मध्ये होतो.

त्या दिवशी श्लाख्तनझेला वळसा घालून पुढे क्रुमे लांकेलाही गेलो. हे शेजारचं लहान तळं, फेरी सुमारे अडीच किलोमीटर, तिथून मेट्रोने परतता येतं. पाणी इतकं स्वच्छ की काठाजवळचे मासे दिसतात. जावईबापूंनी सांगितलं की १९८१ पासून जवळच्या एका प्रकल्पात फॉस्फेट काढून शुद्ध केलेलं पाणी श्लाख्तनझेत सोडतात, म्हणून शेवाळ माजत नाही.

सगळ्यात मनाला भिडली ती जंगलाची गोष्ट. ही तळी ग्रुनेवाल्ड जंगलाच्या कडेला आहेत. १९१५ साली बर्लिन आणि आसपासच्या गावांच्या संघाने प्रशियाच्या (तेव्हाच्या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या) सरकारकडून सुमारे दहा हजार हेक्टर जंगल पाच कोटी मार्कांना विकत घेतलं. अट अशी की ते जंगलच राहील, त्यावर बांधकाम होणार नाही. पहिलं महायुद्ध चालू असताना हा करार झाला! दुसऱ्या महायुद्धानंतर सरपणासाठी ग्रुनेवाल्डची प्रचंड तोड झाली, मग पुन्हा लागवड केली. आज तिथे फाटक नाही, तिकीट नाही, नोंदवही नाही. जंगलात पायी फिरण्याचा हक्क तिथे कायद्यातच लिहिलेला आहे. कृष्णाकाठी अशी सलग पाच किलोमीटर सावलीची वाट असावी, असं मला प्रत्येक फेरीत वाटलं.

नंतर म्युगलझेलाही गेलो, बर्लिनमधलं सगळ्यात मोठं तळं. एस-३ ने फ्रीडरिशहागनला उतरायचं, मुख्य रस्त्याने सरळ खाली यायचं आणि श्प्रे नदीखालच्या बोगद्यातून पायी पलीकडे. १९२७ चा बोगदा आहे, १२० मीटर लांब. दोन्ही टोकांना जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश उतरावं. पलीकडे पाइनच्या सावलीतून काठाकाठाने हवं तितकं चाला, कंटाळलात की आल्या वाटेने परत. पाणी नजरेआड झाल्याशिवाय वाट चुकत नाही.

सुटी कागदी तिकिटं घ्यावी लागलीच तर फलाटावरच्या खांबावरल्या यंत्रात शिक्का मारूनच गाडीत बसा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. आणि पास हातात आला की वानझे तळ्यावरून पलीकडच्या क्लाडोला जाणारी होडीही त्यावरच चालते, वीस मिनिटं पाण्यावरून. ह्यांना चालण्यापेक्षा तीच जास्त आवडली.

पास दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. महिनाअखेर बंद करायचा तर त्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करावा लागतो. आम्ही २७ ऑक्टोबरला निघणार होतो. ६ ऑक्टोबरला मी लेकीला समोर बसवून दोन्ही पास रद्द करून घेतले आणि पोच पावतीचा फोटो माझ्या फोनमध्ये ठेवला. नोव्हेंबरचे पैसे गेले नाहीत.

वाटेच्या कडेच्या गवतात गोचीड असतात, पायमोजे पँटवर ओढून घ्या आणि घरी आल्यावर पोटऱ्या तपासा. पत्रपेटीवरची आमच्या आडनावाची पट्टी काढू नकोस, असं मी निघताना लेकीला सांगून आले. पुढच्या उन्हाळ्याची तिकिटं बघायला हे आत्तापासून तिच्या मागे लागले आहेत.