पराभवांची रांग लागली की मॅनेजरने नेमकं काय बदलावं

फुटबॉलचा संघ सलग चार सामने हरला की सगळे मॅनेजरचा, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचा, चेहरा न्याहाळू लागतात. टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, हात बांधून उभा दिसला तर ‘किती शांत माणूस’, हातवारे करताना दिसला तर ‘याचा ताबा सुटला’. चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. अँटोनियो कॉन्टे टचलाइनवर अक्षरशः नाचतो, कार्लो अँचेलोटीची फार तर एक भुवई वर जाते, आणि दोघांनीही गाळात रुतलेले संघ बाहेर काढले आहेत. मॅनेजर शांत आहे की नाही हे पराभवानंतरच्या आठवड्यात कळतं. त्या आठवड्यात त्याने किती गोष्टींना हात लावला ते मोजायचं. खरा शांत माणूस कारण सापडेपर्यंत थांबतो आणि कारण सापडल्यावर हात आखडता घेत नाही. ही दोन्ही कामं एकाच माणसाला जमणं दुर्मीळ आहे.

सुरुवात निदानापासून होते, आणि बहुतेक संघांची गाडी इथेच घसरते. निकाल खराब आहेत की खेळ खराब आहे, हा पहिला प्रश्न. त्यासाठी एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल हा आकडा उपयोगी पडतो. प्रत्येक शॉटचं अंतर, कोन वगैरे पाहून तो गोल होण्याची शक्यता मोजतात; पेनल्टीची शक्यता साधारण 0.75 ते 0.8, तर पंचवीस मीटरवरून मारलेल्या फटक्याची जेमतेम 0.02 ते 0.04. एका सामन्याचा एक्सजी फारसा काही सांगत नाही. आठ-दहा सामन्यांची बेरीज मात्र बोलू लागते. संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा सातत्याने चांगल्या संधी निर्माण करत असेल आणि तरीही हरत असेल, तर रचना मोडण्याचं काही कारण नाही.

2014-15 च्या मोसमातलं बोरुसिया डॉर्टमुंड आठवा. 19 सामन्यांनंतर बुंडेसलिगा या जर्मन लीगच्या तळाला, 16 गुण. त्याच शरद ऋतूत हाच संघ चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलच्या वर, गटात पहिला आला होता. आघाडीवीर लेवांडोव्हस्की बायर्नला गेला होता आणि समोरचे संघ मागे बसून डॉर्टमुंडच्या प्रेसिंगला (चेंडू असलेल्यावर धावून जाऊन दबाव आणण्याला) जागाच देत नव्हते, या अडचणी खऱ्या होत्या. पण तळाला जावं इतका तो संघ वाईट खेळत नव्हता. मॅनेजर युर्गन क्लॉपला क्लबने काढलं नाही, त्यानेही खेळाचा गाभा टाकला नाही, आणि दुसऱ्या टप्प्यातल्या 17 सामन्यांत 31 गुण मिळवून संघ सातवा आला. पहिल्या टप्प्यात तेवढ्याच सामन्यांत 15 होते.

खेळच खराब असेल तर पुढचा प्रश्न: गोल कुठून खातोय? शेवटच्या दहा-बारा गोलांच्या चित्रफिती ओळीने लावायच्या आणि प्रत्येक गोल मागे न्यायचा, चेंडू कुठे गमावला तिथपर्यंत. बचावपटू चुकला म्हणून गोल झाला, हे शेवटच्या तीन सेकंदांचं वर्णन झालं. त्याआधीच्या दहा सेकंदांत बहुतेक वेळा वेगळंच काही दिसतं. दोन्ही फुलबॅक (बाजूचे बचावपटू) एकाच वेळी वर गेलेले, मागे फक्त दोघे. किंवा आघाडीफळी प्रेस करायला धावली पण मधली फळी जागची हलली नाही, त्यामुळे मधे वीस मीटरची मोकळी पट्टी. दोष पट्टीचा, शिव्या खातो सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू.

याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे 2020-21 चं लिव्हरपूल. हा मोसम मला त्यांच्या विजेतेपदाच्या मोसमापेक्षाही जास्त महत्त्वाचा वाटतो.

17 ऑक्टोबर 2020 ला एव्हर्टनविरुद्ध व्हर्जिल व्हॅन डाइकचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये जो गोमेझ गेला, जानेवारीच्या शेवटी जोएल मातिप; तिघेही सेंटर-बॅक. तोवर लिव्हरपूलचा मॅनेजर झालेल्या क्लॉपने फाबिन्योला मधल्या फळीतून सेंटर-बॅकला आणलं, पुढे कर्णधार जॉर्डन हेंडरसनलाही. कागदावर हा निर्णय शहाणपणाचा होता: दोघे अनुभवी, चेंडूवर सफाई असलेले, आणि फाबिन्यो तर तिथे खरोखर चांगला खेळला. पण चांगल्या कापडातून तुकडा कापून ठिगळ लावावं, तसं झालं. लिव्हरपूलची बचावरेषा खूप वर उभी राहायची. अशी रेषा टिकते ती चेंडूवर सतत दबाव असतो म्हणून. समोरच्या मिडफिल्डरला मान वर करायला दोन सेकंद मिळाले की चेंडू रेषेच्या मागे पडलाच. ते दोन सेकंद हिरावून घेण्याचं काम फाबिन्यो आणि हेंडरसन करायचे. अलेक्झांडर-अर्नोल्ड आणि रॉबर्टसन हे फुलबॅक दोन्ही बाजूंनी वर जायचे तेव्हा त्यांच्या मागची जागा राखणं, उसळून आलेला दुसरा चेंडू जिंकणं, हेही त्यांच्याकडेच. ते मागे गेल्यावर एक भोक बुजलं आणि दोन पडली: दबाव ढिला झाला, आणि फुलबॅकना वर जाण्याची हिंमत होईना. मग आघाडीच्या तिघांपर्यंत चेंडू उशिरा पोचू लागला, आणि लोक म्हणू लागले की आघाडीच्या सालाह आणि साडिओ माने यांची धार गेली.

21 जानेवारी 2021 ला बर्नलीने अॅनफिल्डवर 1-0 ने हरवलं आणि घरच्या मैदानावरची 68 लीग सामन्यांची अपराजित मालिका तुटली. तिथून 7 मार्चच्या फुलहॅमविरुद्धच्या सामन्यापर्यंत घरी सलग सहा लीग पराभव. कोविडमुळे प्रेक्षक नाहीत, दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सामना, सराव जवळजवळ शून्य.

फुलहॅमनंतर तीनच दिवसांनी बुडापेस्टला लायप्झिगविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा सामना होता. क्लॉपने फाबिन्योला त्याच्या जागी, मधल्या फळीत परत नेलं. मागे उभे राहिले नॅट फिलिप्स आणि ओझान कबाक. एक तोवर फारसा कुणाला माहीत नसलेला, दुसरा फेब्रुवारीत उसना घेतलेला. सेंटर-बॅक म्हणून ही जोडी फाबिन्यो-हेंडरसनपेक्षा कमी सफाईची होती, आणि तरीही संघ चांगला झाला, कारण बाकीचे सगळे आपापल्या जागी गेले. लायप्झिगला 2-0 ने हरवलं. लीगच्या शेवटच्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, 69 गुणांसह तिसरं स्थान. 16 मे रोजी वेस्ट ब्रॉमविरुद्ध 95 व्या मिनिटाला गोलरक्षक अॅलिसनने हेडरवर विजयी गोल केला तो याच धावपळीत. त्या गोलचं कौतुक सगळ्यांनी केलं, आणि ते व्हायलाच हवं. माझ्या लेखी मोसम वाचला तो बुडापेस्टच्या संघनिवडीत. हा बदल आणखी आधी व्हायला हवा होता, असंही वाटतं. मात्र फेब्रुवारीत फाबिन्यो स्वतः काही सामने दुखापतीमुळे बाहेर होता आणि कबाक तेव्हा नुकताच आला होता, हे विसरून दोष देणं अन्यायाचं.

आर्सेनलची 2020 च्या डिसेंबरमधली गोष्ट थोडक्यात. सात लीग सामन्यांत दोन गुण, संघ पंधरावा. मधली फळी आणि आघाडी यांना जोडणारं कुणीच नव्हतं. 26 डिसेंबरला चेल्सीविरुद्ध मॅनेजर मिकेल आर्टेटाने 20 वर्षांच्या एमिल स्मिथ रो याला दहा नंबरच्या, म्हणजे आघाडीच्या लगेच मागच्या, जागी उतरवलं आणि सामना 3-1 ने जिंकला. तुटलेला सांधा एक, माणूस एक.

आता रचनाच बदलायची वेळ येते त्याबद्दल. 24 सप्टेंबर 2016, आर्सेनल विरुद्ध चेल्सी. मध्यंतरालाच आर्सेनल 3-0 ने पुढे. चेल्सीचा मॅनेजर कॉन्टेने 55 व्या मिनिटाला फाब्रेगासला काढून मार्कोस अलोन्सोला आणलं आणि मागे तीन सेंटर-बॅक केले. सामना हरलाच, पण पुढचा सामना, 1 ऑक्टोबरला हलविरुद्ध, पहिल्या मिनिटापासून 3-4-3 (मागे तीन, मधे चार, पुढे तीन) मध्ये खेळला आणि 2-0 ने जिंकला. तिथून सलग 13 लीग विजय, आणि शेवटी 93 गुणांसह विजेतेपद.

हे का जमलं हे नीट पाहावं, कारण 3-4-3 ची नक्कल करून पाय घसरलेले संघ पुष्कळ आहेत. पहिलं कारण, रचना हातातल्या माणसांवर बेतलेली होती. डेव्हिड लुईझला दोन्ही बाजूंना आधार मिळाला आणि त्याचा पुढे धावून जाण्याचा धोका कमी झाला. अझ्पिलिक्वेटा फुलबॅक असल्याने उजवा सेंटर-बॅक म्हणून बाहेरपर्यंत जाऊ शकत होता. व्हिक्टर मोझेसला उजवी बाजू एकट्याने वर-खाली सांभाळता येत होती. हझार्डला मागे धावण्यातून सूट मिळाली. कांते आणि मॅटिच हे दोघे मधे पुरत होते, कारण त्यांच्या मागे तिसरा सेंटर-बॅक होता. दुसरं कारण जास्त व्यावहारिक: चेल्सी त्या मोसमात युरोपीय स्पर्धेत नव्हती. आर्सेनल ते हल पूर्ण सात दिवस होते.

सात दिवस म्हणजे नक्की किती सराव? दिसतं त्यापेक्षा खूप कमी. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खेळलेले लोक सायकल, हलकी धाव, मालिश यातच. न खेळलेल्यांचा तासाभराचा सराव. मग एक सुट्टी. सामन्याच्या चार दिवस आधी छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार, पाच विरुद्ध पाच असा कष्टाचा दिवस. तीन दिवस आधी मोठ्या मैदानावर अकरा विरुद्ध अकरा, दहा-बारा मिनिटांचे दोन-तीन तुकडे; नवी रचना खऱ्या अर्थाने शिकवता येते ती याच दिवशी. दोन दिवस आधी वेग कमी, जागांची उजळणी. आदल्या दिवशी पाऊण तास, सेट-पीस (कॉर्नर, फ्री किक वगैरे) आणि घरी. म्हणजे पूर्ण आठवड्यात नव्या रचनेला मिळतात जेमतेम चाळीस-पन्नास मिनिटं. आठवड्यात तीन सामने असतील तर तीही नाहीत. चालत-चालत जागा दाखवणं आणि चित्रफिती, एवढंच उरतं. अशा आठवड्यात मागे चार बचावपटूंच्या जागी तीन सेंटर-बॅक केले की पहिल्याच प्रतिहल्ल्यात विंग-बॅक (बाजूची पूर्ण पट्टी सांभाळणारा) आणि बाहेरचा सेंटर-बॅक एकमेकांकडे बघतात: तू जायचं की मी? गोल तिथे होतो. म्हणून गर्दीच्या वेळापत्रकात बदल माणसाचा किंवा एखाद्या भूमिकेचा करावा, रचनेचा मोकळा आठवडा मिळेल तेव्हा.

याच काळात नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. शिक्षा म्हणून जादा धावणं: दमलेल्या पायांवर वेगाच्या धावा चढवल्या की मांडीचे मागचे स्नायू जातात आणि संघ आणखी तुटतो. दीड तासाची व्हिडिओ बैठक: बारा-पंधरा मिनिटांनंतर मनात काही उतरत नाही. सहा ते आठ तुकडे पुरेत, आणि त्यातले दोन तरी संघाने बरोबर केलेल्या गोष्टींचे हवेत, म्हणजे काय करायचं ते नजरेसमोर राहतं. तिसरी चूक, घाबरून बचावरेषा पेनल्टी बॉक्सपर्यंत मागे नेणं. गोल कमी होतील असं वाटतं. प्रत्यक्षात चेंडू हिसकावल्यावर पुढे ऐंशी मीटर पडलेले असतात, तो लगेच परत जातो आणि हल्ल्यांची संख्या वाढते. आणि पत्रकार परिषदेत खेळाडूचं नाव घेऊन चूक सांगणं. ते वाक्य ड्रेसिंग रूममधले बाकीचे चोवीस जणही ऐकतात, आणि पुढच्या सामन्यात अवघड पास द्यायला कुणी धजत नाही.

मध्यंतराचंही तसंच. नियमाने पंधरा मिनिटं, जाण्या-येण्यात तीन-चार गेली. आरडाओरड करणारा मॅनेजर उरलेल्यातली निम्मी घालवतो. जाणकार मॅनेजर पहिली दोन-तीन मिनिटं खेळाडूंना श्वास घेऊ देतात, तेवढ्यात सहायकांशी बोलून दोन मुद्दे ठरवतात, आणि तेवढेच सांगतात.

विश्वचषकासारख्या स्पर्धेत तर वेळ आणखी तोकडा. 22 नोव्हेंबर 2022 ला 36 सामने अपराजित असलेला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून 2-1 ने हरला. सौदीची बचावरेषा धाडसाने वर होती आणि अर्जेंटिना दहा वेळा ऑफसाइडमध्ये सापडला. अर्जेंटिनाचा प्रशिक्षक लिओनेल स्कालोनीने चार दिवसांनी मेक्सिकोविरुद्ध पाच खेळाडू बदलले. पाच हा आकडा घाबरल्याचा वाटतो, पण नीट पाहिलं तर पाठीचा कणा तोच होता: एमिलियानो मार्टिनेझ, ओतामेंडी, दे पॉल, मेस्सी. नवी माणसं मुख्यतः ताज्या पायांची होती. पुढे पोलंडविरुद्ध एन्झो फर्नांडेझ आणि हुलियान अल्वारेझ सुरुवातीपासून आले आणि टिकले, नेदरलँड्सविरुद्ध मागे पाच, क्रोएशियाविरुद्ध मधे चार, अंतिम सामन्यात दी मारिया डावीकडे. खेळाचं सूत्र कायम, प्रतिस्पर्ध्यानुसार एक कोपरा बदललेला.

कधी कधी बदल अगदी साधा असतो. सप्टेंबर 2015 मध्ये लेस्टर आर्सेनलकडून 5-2 ने हरल्यावर मॅनेजर क्लॉडिओ रानिएरीने दोन्ही फुलबॅक बदलले; वर धावणाऱ्यांच्या जागी सिम्पसन आणि फुक्स. पहिल्या नऊ लीग सामन्यांत एकही क्लीन शीट (गोल न खाता संपलेला सामना) नव्हती, म्हणून त्याने खेळाडूंना पिझ्झाचं आमिष दाखवलं, आणि दहाव्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 1-0 झालं. शाब्बासकी नेमक्या त्याच गोष्टीला जोडली होती, जी त्याला बदलायची होती.

अँचेलोटीही जन्मजात लवचिक नव्हता. पार्मात असताना तो 4-4-2 ला इतका चिकटून होता की त्यात बसत नाही म्हणून 1997 मध्ये रॉबर्टो बाज्जोला घेणं त्याने टाळलं. ती चूक होती असं त्याने नंतर उघडपणे मान्य केलं. 2023-24 मध्ये त्याच्या रेआल माद्रिदला कुर्तुआ, मिलिताओ, मग अलाबा असे तिघे गुडघ्याच्या दुखापतीने गेले, बेंझेमा तर आधीच क्लब सोडून गेला होता. बेलिंगहॅमला आघाडीच्या मागे मोकळं सोडलं, चुआमेनीला गरजेला सेंटर-बॅक केलं, आणि लीगमध्ये एकच पराभव.

घसरण थांबल्यानंतरची एक कसोटी राहिलीच. कॉन्टेची 13 विजयांची मालिका 4 जानेवारी 2017 ला टॉटनहॅमने 2-0 ने तोडली. लगेच पुढच्या लीग सामन्यात, लेस्टरला, आघाडीवीर डिएगो कोस्टा संघात नव्हता. जुन्या चार बचावपटूंकडे परतायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. कॉन्टेने मागचे तिघे तसेच ठेवले, आघाडीला हझार्डला मधे आणलं, बाजूंना विलियन आणि पेड्रो. चेल्सी 3-0 ने जिंकली. त्यातले दोन गोल डाव्या विंग-बॅकचे होते. आर्सेनलविरुद्ध 55 व्या मिनिटाला मैदानात उतरवलेल्या अलोन्सोचे.