तुम्ही विचारलंत म्हणून: नातवंडं, परदेशी विहीणबाई आणि वेरूळ-अजिंठा

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की संभाजीनगरातल्या घरांत याच प्रश्नाचे फोन यायला लागतात. लेक-जावई नातवंडांना घेऊन येणार असतात, सोबत परदेशी विहीणबाई किंवा सुनेची मैत्रीण, पहिल्यांदाच भारतात येणारी. "वेरूळ-अजिंठा एका दिवसात उरकेल ना? आणि पोरं कंटाळणार नाहीत ना?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

एका दिवसात होत नाही. वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटर वायव्येला, अजिंठा १०० किलोमीटर ईशान्येला. दोन्ही एकाच दिवशी बसवली तर साडेसहा-सात तास गाडीतच जातात. लहान पोर मागच्या सीटवर रडून झोपतं आणि लेणी पाहायची वेळ येते तेव्हा कोणाच्या अंगात त्राण उरत नाही. दोन दिवस काढा. तेवढे निघतच नसतील आणि नातवंडं दहाच्या आतली असतील, तर अजिंठा पुढच्या खेपेला ठेवा आणि वेरूळ सावकाश करा. वेरूळला मुलांना पळायला अंगण आहे आणि मोकळ्या उजेडात बघायला हत्ती आहेत. अजिंठ्याला अंधारात शांत उभं राहावं लागतं. ते दहा-अकरा वर्षांनंतर जमतं.

आता वार. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केलं तर दोन्ही उघडी मिळतात, शिवाय शनिवार-रविवारची गर्दी टळते. हाच क्रम उलटा धरला तर दोन्ही दिवस दारातून परत यावं लागतं, आणि ही चूक फार जण करतात. यालाही एक अपवाद आहे. वेरूळला घृष्णेश्वर आहे, त्यामुळे श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तो रस्ता भाविकांनी भरलेला असतो. त्या दिवशी लहान मुलं घेऊन तिकडे जाऊ नका.

तिकीट दोन्हीकडे सारखंच: भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मग पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. मोबाइलवरून आधी काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि रांगही वाचते. निघायच्या आदल्या दिवशी दर एकदा पाहून घ्या. लेक-जावयाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर त्यांना भारतीयांचाच दर लागतो, तसा नियम आहे. पण कार्ड सोबत हवं. "घरी राहिलं" म्हटलं की सहाशेचं तिकीट. विहीणबाईंना मात्र ६०० भरावेच लागतील. त्यांना ते तिकीटखिडकीपाशी कळू देऊ नका, आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पाहुणे आपण नेतोय, तेव्हा पैसे आपणच भरायचे, त्यावर खिडकीपुढे ओढाताण नको.

वेरूळच्या आदल्या रात्री एक गोष्ट घरी करा. प्रत्येक मुलाला अंगाच्या साबणाची एक नवी वडी आणि एक बोथट चमचा द्या, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, आणि सांगा की या वडीतून हत्ती काढायचा. अट एकच: वरून कोरत खाली यायचं आणि निघालेला तुकडा परत चिकटवायचा नाही. दहा मिनिटांत कोणाची तरी सोंड तुटते. पाहुण्यांनाही एक वडी द्या, भाषेची अडचण तिथल्या तिथे संपते. दुसऱ्या दिवशी कैलासापुढे उभं राहिल्यावर मुलांना काही समजावावं लागत नाही. सोंड तुटली तर काय, हा प्रश्न तीच विचारतात.

वेरूळ सूर्योदयाला उघडतं. साडेसातपर्यंत पोचाल असं निघा. वाटेत दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या वेशीच्या दरवाजातून जातो आणि उशीर झाला की तिथे गाड्या अडकतात. आत गेलात की समोरच १६ क्रमांकाचं कैलास लेणं. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे फोटोवाले दुपारनंतर या म्हणतात, आणि उजेडाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर सकाळच बरी. अंगणात सावली असते, दगड तापलेले नसतात, सहलीच्या बस आलेल्या नसतात.

थेट आत शिरू नका. बाजूने डोंगरावर जाणारी पायवाट आहे, आधी तिने वर जा. प्रत्येक मुलाचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात हवा, कडेला कोणीही जायचं नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली बसून राहावं. वरून खाली पाहिलं की मंडपाच्या छतावरचे चार सिंह डोळ्यांसमोर येतात आणि भोवती उभा कापलेला कातळ दिसतो. मागची भिंत शंभर फुटांहून उंच आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, माणसं वरून खणत खाली गेली आणि मध्ये देऊळ राखत गेली. रात्रीची साबणाची वडी इथे आठवते. आधी खालून शिरलात तर ते बांधलेलं देऊळ वाटतं आणि पाहुण्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं की बाई, हे बांधलेलं नाही.

खाली आलात की अंगणातले दोन मोठे हत्ती आणि दोन उंच स्तंभ. मग मंडपाच्या दक्षिण बाजूची भिंत. तिथे रामायण ओळी-ओळींनी कोरलेलं आहे, उत्तरेकडे महाभारत. घरात गोष्टी ऐकलेली मुलं मारुती शोधून काढतात आणि पाहुण्यांना दाखवतात. हे काम मुलांनाच करू द्या, मधे बोलू नका. दक्षिणेलाच खालच्या अंगाला रावण कैलास हलवतो ते शिल्प आहे, तिथे निदान दहा मिनिटं थांबा. खाली रावण वीस हातांनी जोर लावतोय, वर पार्वतीने घाबरून शंकराचा हात धरलाय, तिची दासी पळत सुटलीये आणि शंकर मात्र निवांत बसलाय. मुलांना विचारा, घाबरलेलं कोण-कोण आहे, मोजा. भाषा न येणाऱ्या माणसालाही हे शिल्प जसंच्या तसं कळतं.

वरच्या मजल्यावर जाणारा जिना अंधारा आहे आणि पायऱ्या झिजलेल्या. मोबाइलची बॅटरी लावा आणि आजी-आजोबांना आग्रह करू नका. कैलासानंतर फक्त दोन-तीन लेणी. दहावं, ज्याला विश्वकर्मा किंवा सुतार झोपडी म्हणतात, तिथे छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी आहेत आणि आवाज घुमतो. हळू आवाजात एक ओळ म्हणून पाहू द्या, ओरडू देऊ नका. मग ३२ वं, जैन लेणं, इंद्रसभा. ते दूर आहे, उन्हात चालवत नेऊ नका, तिथली गाडी घ्या. चौतीसच्या चौतीस लेणी बघायचा हट्ट धरला की एकही बघून होत नाही.

घृष्णेश्वराला जायचं असेल तर दोन गोष्टी आधी सांगून ठेवा: मोबाइल आत नेता येत नाही आणि गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढावा लागतो. परदेशी पाहुण्याला हे ऐन रांगेत कळलं तर तो बिचारा अवघडतो.

अजिंठ्याच्या दिवशी सहाला घर सोडा. फुलंब्री, सिल्लोड करत फर्दापूरला अडीच ते तीन तास लागतात. लेणी नऊला उघडतात. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना निघताना दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा खाकरा द्या आणि सिल्लोडला नीट नाश्ता करा. फर्दापूरच्या फाट्याला आपली गाडी सोडायची, दुकानांमधून चालत जायचं आणि एसटीच्या बसने लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर जायचं. या दुकानांत स्फटिकांचे दगड विकणारे पाहुण्यांच्या मागे लागतात. जाताना कोणाशीही भाव करू नका, "परत येताना बघू" असंही म्हणू नका, कारण ते लक्षात ठेवतात. नातवंडांना दगड हवेच असतील तर परतताना आपण मराठीत भाव करायचा, पाहुण्यांनी चार पावलं पुढे जायचं. स्वच्छतागृहाचं काम वर चढण्याआधीच उरका. पाहुणे संकोचाने विचारत नाहीत, आपणच म्हणावं.

बस उतरल्यावर सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे. ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी चार माणसांनी उचलायची खुर्ची, म्हणजे डोली, मिळते. पैसे आधी ठरवा, आणि जाऊन-येऊन किती, कुठल्या लेण्यापर्यंत, हे स्पष्ट बोलून घ्या. वाद होतो तो परतीवरूनच होतो.

लेण्यांचा क्रम आकड्यांप्रमाणे घेऊ नका. बसमधली सगळी माणसं पहिल्या लेण्यापुढे रांग लावतात. पहिल्याच बसने आला असाल तर ठीक, नाहीतर सरळ २६ पर्यंत चालत जा आणि उलटे या. २६ व्या लेण्यात महापरिनिर्वाणाचा पहुडलेला बुद्ध आहे, सुमारे सात मीटर लांब. मुलांनी डोक्यापासून पायापर्यंत किती पावलं होतात ते मोजावं, आणि खाली बसलेल्या शिष्यांचे चेहरे बघावेत. मग १७, १०, २ आणि १. मुलांसोबत एवढी पाच पुरे.

चित्रांच्या लेण्यात चपला बाहेर काढायच्या, म्हणून मुलांना बुटांऐवजी पट्ट्याच्या चपला घाला आणि मोजे खिशात ठेवा, बाहेरचा दगड तापतो. आत शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही आणि इथेच बहुतेक जण "अंधारच आहे" म्हणून बाहेर पडतात. चार-पाच मिनिटं भिंतीपासून लांब, मध्यभागी उभं राहा, मोबाइलचा पडदा उघडू नका. हळूहळू आधी पांढरा रंग दिसतो, मग चेहरे, मग दागिने. फ्लॅश चालत नाही. आणि भिंतीला हात लावू द्यायचा नाही, यात लाड नको. ही चित्रं ओल्या चुन्यात रंगवलेली नाहीत. माती, भुसा आणि झाडपाल्याचे तंतू मिसळून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. आपल्या गावाकडच्या सारवलेल्या भिंतीला ओला हात लागला की पोपडा येतो ना, तसंच ते. युरोपातून आलेले पाहुणे याला फ्रेस्को म्हणतात, त्यांना हा फरक सांगा, त्यांना ऐकायला आवडतं.

पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीपुढे, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे, गर्दी करतात. पद्मपाणी पाहायचाच, पण मुलांना एका खांबाच्या माथ्यावरची हरणं शोधायला लावा: चार धडं आणि डोकं एकच. कोणत्याही धडावरून पाहिलं तरी ते डोकं त्याच हरणाचं वाटतं. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला आपलं नाव खरवडलेलं आहे. ते आज डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात गाळ साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. मुलांना हे फार आवडतं. त्या खांबाजवळच सांगून टाका की आपण कुठेही नाव कोरायचं नाही.

दोन्हीकडे वानरं आहेत, तेव्हा हातात बिस्किटाचा पुडा घेऊन कोणीही चालायचं नाही. कड्यांना आग्या मोहोळं असतात. त्या दिवशी अत्तर-सेंट लावू नका, पाहुण्यांनाही स्पष्ट सांगा. मुलांना वर दगड भिरकावू देऊ नका. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब जायचं.

खाण्याचं. आपला आग्रह हाच परदेशी पाहुण्यांच्या पोटाचा शत्रू ठरतो. ते नाही म्हणत नाहीत, कारण त्यांना वाटतं की नाही म्हटलं तर अपमान होईल. एकदा विचारा, दुसऱ्यांदा वाढू नका. बाहेर फक्त गरम आणि समोर शिजलेलं: ज्वारीची भाकरी, पिठलं, साधं वरण-भात. चिरलेली फळं, बर्फ, उसाचा रस नको. केळी आणि संत्री चालतात, सोलून खायची. पाण्याची बाटली सीलबंद घ्या. पिशवीत ओआरएसची चार पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजूनच घाला. लिटरचं पाकीट एका ग्लासात ढवळलं तर ते उलट बाधतं, मुलांना तर जास्तच.

विहीणबाई घरीच उतरणार असतील तर आणखी एक काम आहे, जे बहुतेकांना ठाऊक नसतं. हॉटेल परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामाची सरकारला माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी, २०२५ पासून फॉर्म ३) भरतं, तसा तो घरी ठेवून घेणाऱ्यालाही २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि फोटोची प्रत आधीच मागवून घ्या, प्रवासाने दमलेल्या माणसाकडे मध्यरात्री मागायला नको.

आणि पाहुण्यांना पुढे मुंबईला जायचं असेल तर अजिंठ्याहून संभाजीनगरला परत येऊ नका. लेण्यांपासून जळगाव ६० किलोमीटरवर आहे आणि ते मुंबईच्या मुख्य मार्गावरचं स्टेशन आहे. सामान सकाळीच गाडीत भरून घ्या, ड्रायव्हरला फर्दापूरला थांबू द्या, दुपारी तीनला लेण्यांतून खाली उतरा आणि रात्रीच्या गाडीची तिकिटं महिनाभर आधी काढून ठेवा, मुलांना आणि आजी-आजोबांना खालचे बर्थ मिळतील अशी.