कास्ट टाकला आणि कंपायलर गप्प झाला

तीन दिवस छळणारा बग काल रात्री सापडला. गुन्हेगार मीच.

फाइलमधल्या नोंदी मोजणारं माझं सी भाषेतलं एक फंक्शन आहे. आकडा ते लाँगच्या पॉइंटरवाटे परत देतं (लाँग हा पूर्णांकाचा एक टाइप, पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता). ३२ बिटांच्या मशीनवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. ६४ बिटांच्या लिनक्सवर नेलं तर आकडा बरोबर, पण मेमरीत शेजारी बसलेला एरर फ्लॅग, म्हणजे चूक झाली का ते सांगणारं व्हेरिएबल, आपोआप शून्य!

कॉल करताना मी इंट (पूर्णांकाचाच दुसरा टाइप) व्हेरिएबलचा पत्ता दिला होता. पॉइंटरचा टाइप जुळत नाही, असं कंपायलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तेव्हाच बजावलं होतं. मी पुढे लाँग पॉइंटरचा कास्ट, म्हणजे ‘हा लाँगचाच पॉइंटर समज’ असा हुकूम, चिकटवला आणि वॉर्निंग मिटवली. दोघंही ४ बाइटचे, मग अडतंय कुठे? लिनक्सवर मात्र लाँग ८ बाइटचा झाला, इंट ४चाच राहिला. फंक्शनने इमानेइतबारे ८ बाइट लिहिले, त्यातले वरचे ४, म्हणजे नुसती शून्यं, शेजाऱ्याच्या घरात पडले. ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग अजूनही ४ बाइटचाच आहे, म्हणजे तिथे हा बग दिसलाही नसता.

इंटची किंमत लाँगमध्ये टाकली तर सी ती मुकाट्याने बदलून घेतं. पॉइंटरला ही सोय नाही. त्या पत्त्यावरचे किती बाइट वाचायचे आणि कसे, हे टाइपवरूनच ठरतं.

बरं, मापं सारखी असती तरी मी सुटलो नसतो. इंट आणि लाँग हे वेगळेच टाइप. ओ-टू (कोड वेगवान करण्याचा पर्याय) लावलं की जीसीसी हे कंपायलर धरून चालतं, की इंटचा पॉइंटर आणि लाँगचा पॉइंटर एकाच जागेवर बोट ठेवणार नाहीत. त्या भरवशावर ते वाचणं-लिहिणं पुढेमागे करतं. म्हणजे जुन्या मशीनवरही निव्वळ नशीब होतं. इंट आणि अनसाइन्ड इंट (ऋण आकडे न ठेवणारा इंट) यांना इथे सूट आहे, कॅरच्या (char, एका बाइटचा टाइप) पॉइंटरने तर काहीही वाचता येतं. (कॅर, चार नव्हे. चार म्हटलं की मला आकडाच आठवतो.)

२०२४च्या जीसीसी १४पासून न जुळणारा पॉइंटर ही थेट एरर आहे. पण कास्ट टाकला की तेही गप्पच.

व्हेरिएबल लाँग केलं, कास्ट खोडला. आता ग्रेप (फाइलींतला मजकूर शोधणारं टूल) लावून बाकीचे कास्ट शोधतोय. ११ सापडलेत, त्यातले ४ मी लिहिल्याचं आठवतही नाही.