तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहासासाठी काढलेलं कर्ज

लग्नकार्यात, शाळेच्या पालकसभेत, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या दुकानात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो: इतिहासात एम.ए. करण्यासाठी लंडनला जाताना काढलेले कर्ज फिटले का, आणि नसेल फिटले तर त्या पदवीचा उपयोग काय झाला? कर्ज फिटलेले नाही. शेवटचा हप्ता २०३० मध्ये आहे. ज्यांना एवढेच हवे होते त्यांचे उत्तर येथे संपले. पण बहुतेकांना आपल्या मुलामुलींसाठी जाणून घ्यायचे असते, म्हणून पुढचे लिहिते आहे.

तुम्ही एका बाजूला कर्ज आणि दुसऱ्या बाजूला पगार मांडता. त्या हिशेबात इतिहास मागे पडणार हे मला २०१३ मध्येही ठाऊक होते. ज्याचा अंदाज घरात कोणालाच आला नाही ती गोष्ट अशी की इतिहासाच्या माणसाची कमाई उशिरा सुरू होते आणि हप्ता ठरल्या तारखेला सुरू होतो.

तेव्हा साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागे, म्हणून बाबांनी घराची कागदपत्रे एका बँकेत ठेवली आणि बारा टक्के व्याजाने १५ लाख मंजूर झाले. शिक्षणाचे एक वर्ष आणि पुढचे एक वर्ष हप्ता नव्हता, पण सरळ व्याज चढत होते. ते धरून रक्कम १८ लाख ६० हजार झाली आणि पंधरा वर्षांसाठी महिना साधारण २२,३०० रुपयांचा हप्ता बसला. तेव्हा मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वेळच्या निकषांनुसार अतिथी अध्यापकाला तासाला १,००० आणि महिन्याला जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळू शकत. मला तेवढे तास कधी मिळालेच नाहीत. व्याजावर आयकराच्या कलम ८० ई खाली सवलत आहे असे मला अनेकांनी सांगितले, पण ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला त्या सवलतीचा काय उपयोग?

तासिकेवरच्या माणसाला उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बिनपगारी महिने. २०१७ च्या उन्हाळ्यात शिकवण्याही सुटल्या आणि हप्ते थकले. नव्वद दिवस उलटले की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, ठरते. त्याआधीच बँकेचा माणूस घरी आला. बाबा जेवून पडले होते. तो उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्याने चपला बाहेर काढल्या, पाणी घेतले, गुजरातीत बाबांच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग रस्त्यावर उभे राहून मोबाइलवर घराचे फोटो काढले: आधी ओटा, मग वरची लाकडी गॅलरी, जिथे आईच्या कैरीच्या फोडी वाळत होत्या, मग दारावरची आजोबांच्या नावाची पितळी पाटी. पाटीवर तोरण आले होते, म्हणून त्याने आईला ते जरा बाजूला धरायला सांगितले, आणि त्याचा फोटो होईपर्यंत आई ते धरून उभी राहिली. समोरच्या काकू त्यांच्या गॅलरीतून बघत होत्या. तो गेल्यावर घरात मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली आणि थकबाकी भरली. शस्त्रक्रिया त्यानंतर दोन वर्षांनी झाली. तोवर आई जिना एकेका पायरीवर बसत उतरायची.

पदवीधरांच्या सरासरी पगाराचे जे आकडे तुम्ही मला दाखवता, त्यांत असला मे महिना नसतो.

लंडनमध्ये माझ्याबरोबर शिकणाऱ्या इंग्रज मुलांवरही पदवीचे कर्ज होते, पण त्यांच्याकडे ठरावीक उत्पन्नाच्या वर जे मिळेल त्याच्या नऊ टक्केच कापले जातात, कमाई नसेल तर काहीच कापले जात नाही आणि ठरावीक वर्षांनी उरलेले माफ होते. आपल्याकडचा हप्ता कमाई विचारत नाही. बडोद्यात लोक लगेच सयाजीराव महाराजांचे नाव काढतात. महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, ती दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या अटीवर. म्हणजे ज्याने पैसे दिले त्यानेच काम देण्याचीही हमी घेतली होती. ती नोकरी बाबासाहेबांना येथल्या अस्पृश्यतेमुळे सोडावी लागली, हेही बडोदेकरांनी त्याच दमात सांगायला हवे.

आता तुमच्या बाजूचे बोलते. आज माझे घर शाळेतल्या नोकरीवर आणि मोडी कागदांच्या लिप्यंतरावर चालते. नोकरीला बी.एड. लागले, लंडनची पदवी कोणी विचारली नाही. मोडी मी बडोद्यातच, दप्तरखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे शिकले आणि त्यांनी एक पैसा घेतला नाही. मग लंडनने काय दिले? बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर ब्रिटिश रेसिडेंटला विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप होता; त्यावरच्या १८७५ च्या चौकशीचे कागद मी तेथे वाचले. सहा सदस्यांपैकी तीन युरोपीयांना आरोप सिद्ध वाटला, तीन हिंदी सदस्यांना वाटला नाही, आणि तरीही गैरकारभाराचे कारण देऊन महाराजांना पदच्युत केले गेले. लहानपणापासून घरात ऐकलेली ही हकिकत सरकारी टिपणांतून उलगडताना, कागद कोणी, कोणासाठी आणि कशाच्या आधी लिहिला हे विचारायला मी शिकले, आणि आज एखादे इनामपत्र वाचतानाही तेच विचारते. तेवीस वर्षांची मी म्हणाले असते की याची किंमत पैशांत करू नये. आज मला ते पटत नाही, कारण ती किंमत पैशांतच भरली गेली आणि त्यातली बरीचशी आईने भरली. पण ते शिकणे नको होते, असेही माझ्याच्याने म्हणवत नाही.

भाची यंदा बारावीत आहे आणि तिला इतिहासच घ्यायचा आहे. बी.ए. येथेच, सयाजीराव विद्यापीठात कर, तेथे शुल्कासाठी घर गहाण पडत नाही, हे मी तिला ठामपणे सांगितले. पुढे परदेशी जाऊ का, या प्रश्नावर मी हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. माझ्या हप्त्यांचा तक्ता मात्र ताईला दिला आहे, आणि ज्या महिन्यांत माझ्या हाती काहीच आले नव्हते त्यांच्यापुढे लाल शाईने खूण केली आहे.