समुद्र नसला तरी नवेगावबांध आहे

गोंदिया जिल्ह्यातल्या आम्हा लोकांना समुद्र म्हणजे राज्याचं दुसरं टोक. पण धानाची मळणी आटोपली की घरातली पोरं पाण्याकडे चला म्हणून मागे लागतात, आणि आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव गाठतो.

सासूबाईंना चालवत नाही, म्हणून झाडाखाली सावलीत सतरंजी टाकली. डब्यात तांदळाची भाकर, पोपटीच्या शेंगांची भाजी, लसणाची चटणी. त्या पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "आता मले उठवू नोको वं." घरी चूल, गोठा, पाहुणे यात त्यांना असं बसलेलं मी क्वचितच पाहते. तेवढ्यासाठी जरी यावं लागलं तरी मी येईन.

पोरांनी बदकं शोधली. धाकटीला हळदी-कुंकू बदक ओळखता आलं, चोचीच्या पिवळ्या टोकावरून. हिवाळ्यात इथे दूरदेशीचे पक्षीही उतरतात.

हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं इकडे सगळे सांगतात. कोहळी समाजानं भंडारा-गोंदियात कितीतरी तलाव बांधले. त्यांच्याच पाण्यावर आमचं धान पिकत आलं. पोरांना मी हे मुद्दाम सांगते, कारण त्यांना तलाव आपोआप झाल्यासारखा वाटतो.

एकच विनंती. सहलीला आलात तर मोठे स्पीकर आणू नका. पक्षी उडून जातात, आणि दमलेल्या म्हाताऱ्या माणसांची डुलकी मोडते.