तुम्ही विचारलंत म्हणून: पंचेचाळिशीनंतर ट्रकवर बसायचं असेल तर

“मुलं आपापल्या वाटेला लागली. आता मला मोठी गाडी शिकायचीय. वय सेहेचाळीस. जमेल का, की उशीर झाला?” पुण्यातल्या बायकांकडून हा प्रश्न जवळपास याच शब्दांत येतो. उत्तर आहे, जमेल. पण हाताशी दीड वर्ष ठेवा, आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ घाट उतरायला शिकण्यासाठी राखा.

वयाचं आधी मिटवून टाकू. व्यावसायिक वाहन चालवायला कायद्याने किमान वय 20 लागतं, वरची मर्यादा नाही. आठवी पासची अटही 2019 मध्ये निघाली. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी कायद्याची पदवी घेतलेल्या. पतीच्या निधनानंतर, दोन मुलं पदरात असताना त्या ट्रकवर बसल्या आणि पुढे देशभर माल पोचवत राहिल्या. उशिरा सुरुवात केलेली बाई या धंद्यात टिकते, हे दाखवायला तेवढं नाव पुरेसं आहे.

चाळिशीनंतर खरी अडचण येते ती डोळ्यांची. लायसन्ससाठी नमुना 1-अ हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतंच, पण त्यावर सही मिळाली म्हणजे झालं असं समजू नका. भर दिवसा 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येणं वेगळं आणि रात्री अकरा वाजता सोलापूर रोडला समोरून अप्पर मारत येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात सायकलवाला दिसणं वेगळं. दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू तपासून घ्या. दोन भागांचा चष्मा असेल तर केबिनमध्ये बसून काटे आणि दोन्ही आरसे मान न वाकवता स्पष्ट दिसतात का ते पाहा. नसतील दिसत, तर गाडीसाठी वेगळा चष्मा करा. शुगरची गोळी चालू असेल तर जेवणाच्या वेळा चुकवून गाडी चालवायची नाही, यात तडजोड नको.

आता लायसन्सचा क्रम. हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स एक वर्ष जुनं असल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचं लर्निंगच मिळत नाही. म्हणून ज्यांच्याकडे फक्त दुचाकीचं आहे त्यांनी आज कारचं काढायला घ्यावं. हे वर्ष वाया जात नाही. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालासकट एकूण 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप तुम्ही आत्ताच चालवू शकता. मार्केट यार्डातून भाजी, भोसरीतून सुटे भाग, असं काही महिने करा. माल बांधणं, ताडपत्री ओढणं, बिल्टी म्हणजे मालाची पावती वाचणं, अरुंद गल्लीत मागे घेणं हे सगळं लहान गाडीवर शिकून होतं, आणि चूक झाली तर भुर्दंडही लहान पडतो.

वर्ष झालं की जड वाहनाचं लर्निंग. ते सहा महिने चालतं. निदान तीस दिवस गेल्यावर चाचणी देता येते. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना 5, म्हणजे तिथे शिकल्याचा दाखला, जोडावा लागतो. तो नुसता पैसे भरून मिळवण्याचा मोह बऱ्याच जणींना होतो, पण त्यात तुमचंच नुकसान आहे. स्कूल निवडताना एकच प्रश्न विचारा: भरलेल्या गाडीवर शिकवता का? रिकाम्या गाडीवर शिकलेली बाई मालाची गाडी पहिल्यांदा उतारावर घेते, तेव्हा ब्रेक दाबूनही गाडी पुढे ढकलतच राहते आणि तिथेच घाबरते.

ताकदीबद्दलही विचारता. पॉवर स्टिअरिंगमुळे चाक फिरवायला जोर लागत नाही. क्लच मात्र तळापर्यंत दाबला गेला पाहिजे. उंची कमी असेल तर सीट आधी पुढे, मग खाली, मग पाठ सरळ. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. पाठीमागे उशी घेऊन अंतर भरू नका, जोराचा ब्रेक लावताना ती सरकते. केबिनमध्ये चढता-उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला हवा. उतरताना तोंड गाडीकडे. उडी मारली की गुडघा जातो, आणि या वयात तो लवकर परत येत नाही. स्टेपनी बदलणं एकट्या माणसाचं कामच नाही, पुरुषाचंही नाही. रिमसकट चाक शंभर किलोच्या आसपास भरतं. टायरवाल्याचा नंबर ठेवा.

घाटाबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण पुण्यात राहून हे टाळता येणार नाही. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका ट्रकने जवळपास 48 वाहनं चिरडली. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडायची सवय या उतारावर जिवावर बेतते. का, ते नीट समजून घ्या.

गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की तो धरणारा हात सुटतो आणि सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. ब्रेक सतत दाबला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, त्यावर घासणारा लायनर गुळगुळीत होऊन पकड सोडतो आणि केबिनमध्ये जळका वास येतो. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे पंप केल्यासारखा पुन्हा पुन्हा ब्रेक मारला तर प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च होते. इंजिन बंद केलं असेल तर कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे हवा भरून येत नाही, आणि स्टिअरिंगही जड होतं. अशा वेळी हँडब्रेक ओढू म्हणाल, तर तोही त्याच तापलेल्या ड्रमवर चालतो. आणि गिअर टाकू म्हणाल, तर वेग वाढल्यावर खालचा गिअर पडतच नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर ठरवायचा. जुने ड्रायव्हर सांगतात तो नियम अजून खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक, चालू ठेवा. वेग वाढला की ब्रेक एकदाच ठामपणे दाबून वेग खाली आणा आणि पाय पूर्ण उचला, म्हणजे ड्रमला गार व्हायला वेळ मिळतो. वास आलाच तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, चाकाला ठोकळा लावा, अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

यासाठीच रोज निघण्याआधी दहा मिनिटं हवीत. इंजिन चालू करून हवेचा काटा पूर्ण चढू द्या, मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून ठेवा आणि काटा पाहा. तो सरकत खाली येत असेल तर कुठेतरी गळती आहे, कान लावला तर सुस्स आवाज ऐकू येतो. चेसिसखालच्या हवेच्या टाकीची रिंग ओढून साचलेलं पाणी काढा. पावसाळ्यात ते जास्त निघतं. पाण्यासोबत तेल आलं तर कॉम्प्रेसर मेकॅनिकला दाखवा. जोडीच्या टायरमध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघा.

चाकणला डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्याला, गाडी मागे लावताना कुणीतरी “येऊ दे, येऊ दे” ओरडतच असतं. ओरडणारा आरशात दिसेनासा झाला की त्या क्षणी थांबायचं, मागच्या गाड्या कितीही हॉर्न मारोत.

कागदांत दोन गोष्टी ड्रायव्हरवर शेकतात. ई-वे बिल म्हणजे माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना; त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस धरून असते. गाडी रखडली तर ती संपायच्या आधी किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यायला मालकाला लगेच फोन करा. दुसरं म्हणजे जादा वजन. दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका. “सगळेच नेतात” हे ऐकून तर अजिबात नाही.

बाथरूमचं कोणी विचारत नाही, आणि बायका काम सोडतात त्या बऱ्याचदा यामुळेच. जायला लागू नये म्हणून पाणी न पिणं हा सगळ्यात वाईट उपाय. लघवीला जळजळ, मग ताप, मग सुट्टी. रस्ता ठरवताना दर दोन-अडीच तासांवर चांगला पंप हेरून ठेवा, ट्रान्सपोर्टरला तो थांबा आधीच सांगा. पाळी जायच्या काळात अंगातून वाफा निघतात, झोप मोडते; त्या दिवसांत रात्रीची ट्रिप मागू नका. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, तेव्हा नवी गाडी मिळत असेल तर तीच घ्या.

पहिले तीन महिने कुठले मार्ग घ्यायचे? मुंबईला बोरघाट, साताऱ्याला कात्रज आणि खंबाटकी, सासवडला दिवे घाट. हे तूर्त नको. चाकण ते रांजणगाव, नगर रोड, यवतवरून इंदापूरकडे जाणारा सोलापूर रोड हे सपाट आहेत. त्यावर गिअर आणि आरसे अंगवळणी पडले, की अनुभवी ड्रायव्हरला शेजारी बसवून भरलेली गाडी खंबाटकीतून न्या. दिवसा न्या, आणि पावसाळा संपल्यावर.